बांचा काल

"रडायचं काम काल!" असं म्हणून बा समोरच्याच्या हातात चहाची बशी द्यायच्या.

बा म्हणजे डहाणूला दादाच्या रेल्वे क्वार्टरशेजारी राहणाऱ्या गुजराती म्हाताऱ्या बाई. गुजरातीत गेलेला दिवसही काल आणि येणारा दिवसही काल. बांनी मराठीतही तेच चालवलं. विशीतली सगळी पोरंपोरी सल्ल्याला त्यांच्याकडे. तुम्हीही एखादी अशी शेजारीण पाहिली असेल.

तिकीट खिडकीवरच्या एकाला नोकरी सोडून नाटकात जायचं होतं. बा म्हणाल्या, "काल सोड."

"बा, काल तर गेला!"

"मग राहिली ना नोकरी! चा पी."

मी विसाव्या वर्षात होते तेव्हा तळासरीचे एक मास्तर मला बघायला आले. मला आवडले. त्यांनी विचारलं, "खेड्यात करमेल ना तुम्हाला?" मी पोह्यांतली मिरची बघत बसले.

"मुलीच्या मनात दिसत नाही," त्यांची आई म्हणाली आणि सगळे उठले. मास्तरांनी एक चप्पल पायात घातलीसुद्धा. मी दाराआड पदर चावत उभी.

तेवढ्यात बा आडव्या आल्या. "अरे, बेसो! छोकरीचं काल हो!"

"कालच हो म्हणाली? मग आज गप्प का?" मास्तरांच्या आईने विचारलं.

"लाजते."

मंडळी पुन्हा बसली. दादाने माझ्याकडे डोळे वटारले. मी बांना आत ओढलं. "बा, मी काल कुठे काय बोलले?"

"मी येणारा काल बोलली. आता काल बोलजे, नाही तर मी खोटी पडेल."

दुसऱ्या दिवशी मी दादाला हो म्हटलं. बांना खोटं कसं पाडणार?

पुढे लग्नानंतर मी माहेरपणाला आले असताना बा ओट्यावरून भाजीवालीला सांगत होत्या, "उद्या कोवळी वालपापडी आण. कालची जून होती."

अगदी स्वच्छ मराठीत! मी बघतच राहिले. बांनी पदराने तोंड झाकलं. खांदे मात्र हलत होते.

मग त्या कायमच्या मुलाकडे वलसाडला निघाल्या. मी स्टेशनवर रडायला लागले. खिडकीतून म्हणाल्या, "वेडी छोकरी, रडते काय? मी काल येते."

कुठला काल, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर गाडी हलली.

मास्तर म्हणतात, मराठीत धरलं तर बा येऊन गेल्या. मी अजून गुजरातीत धरते.