मागची डावी काच

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. या ग्रुपवरचे पिंपळ, पांढऱ्या साड्या आणि मधेच थांबणाऱ्या लिफ्ट वाचून मी कायम हसत आलेय, दोन-तीन जणांना कमेंटमध्ये धुतलंही आहे. तेव्हा ज्यांना उट्टं काढायचंय त्यांनी खुशाल काढा. पण आधी पूर्ण वाचा...

आम्ही भांडुपला राहतो, मी आणि आई. मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आईला त्वचेचा एक हट्टी आजार आहे. ऊन लागलं की अंगावर फोड येतात, आणि फोड आले की पवईच्या हॉस्पिटलमधली ट्रीटमेंट थांबवतात. ती थांबली की आजार पुन्हा डोकं वर काढतो. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणून मी एक सेकंडहॅण्ड गाडी घेतली.

गाडी दारात आली तेव्हा आई म्हणाली, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आमच्याकडे कोणतंही नवं काम सुरू करताना नारळ ठेवून एक जण मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

"कोणाची गाडी, कोण बसलेला तिच्यात, आपणांक काय म्हायत गो?" आई म्हणाली.

"आई, पेपर माझ्या नावावर झालेत. अजून कोणाची परवानगी हवी?"

शिवाय गाऱ्हाणं बाप्यामाणसाने घालायचं, आणि आमच्या घरात बाप्या नाही. तेव्हा विषय संपला. आईने त्यासाठी आणलेल्या नारळाची मी सोलकढी केली.

काचांना फिल्म लावायला मी घाटकोपरला परेशभाईंच्या दुकानात गेले. माणूस भयंकर कुरकुऱ्या. "काळीकुट्ट मागू नका मॅडम, हवालदाराने पकडलं तर मला फोन करायचा नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी काळी मागितलीच नव्हती. नियमात बसेल अशी फिकी पण उन्हाची धग अडवणारी फिल्म त्यांनी लावली आणि शाळेतल्या बाईंसारख्या सूचना दिल्या. फिल्म काचेला आतून लावलेली असते, म्हणून आठवडाभर काच अजिबात खाली करायची नाही, ओली फिल्म वरच्या कडेला सोलून निघते. पाण्याचे बारीक फुगे दिसतील, ते नखाने दाबायचे नाहीत, आपोआप जातात. नंतर पुसायचं ते मऊ कपड्याने आणि बेबी शाम्पूच्या पाण्याने, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारायचा नाही. चुकून हात लागू नये म्हणून काचांच्या सगळ्या स्विचवर त्यांनी चिकटपट्टी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर मागची डावी काच चार बोटं खाली. आई बसते ती बाजू. चिकटपट्ट्या जागच्या जागी, चावी रात्रभर घरात खुंटीला. फिल्म वरून गोळा होऊन दुधावरच्या सायीसारखी लोंबत होती.

मी तशीच घाटकोपरला गेले.

"मॅडम, काच खाली केली तुम्ही."

"मी वेडी आहे का?"

"मग घरच्यांनी केली. मी काय भुताला वॉरंटी देतो काय?"

बरीच शाब्दिक मारामारी झाल्यावर त्यांनी फिल्म बदलून दिली. या वेळी काच खाली आली नाही. पण फिल्मवर वरून खाली चार ओरखडे उठले... आतल्या बाजूने, बंद गाडीत. मी वॉचमनला झाडलं, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला झाडून सीसीटीव्ही बघायला लावलं. गाडीजवळ कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं. मेकॅनिकने दाराचं पॅनल उघडलं, वायरिंग तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. मी त्यालाही चार शब्द सुनावले.

मग तो गुरुवार आला. हॉस्पिटलला जाताना गांधीनगरच्या सिग्नलला थांबलो होतो. सकाळचं ऊन नेमकं डावीकडून येत होतं. आणि ती काच पूर्ण खाली गेली. मी स्विच दाबत राहिले, काच ढिम्म हलेना. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. आईने पदर हातावर ओढला, पण पदर तो केवढा. संध्याकाळी तिच्या हातावर कोपरापर्यंत फोड होते. रात्रभर ती हात उशीवर ठेवून बसून होती आणि मला म्हणत होती, "तू नीज गो, माका कायएक दुखणा नाय."

डॉक्टरांनी पुढची ट्रीटमेंट पुढे ढकलली. अजून एकदा असं झालं तर हे औषध बंदच करावं लागेल म्हणाले.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला संताप आला, इतका की जेवण जाईना.

"आता तरी गाऱ्हाणा घाल," आई म्हणाली.

"बाप्या कुठून आणू?"

"तूच घाल. भांडाक तुका बाप्या लागता काय?"

रविवारी भर दुपारी आम्ही दोघी पार्किंगमध्ये उतरलो. बॉनेटवर नारळ ठेवला. आई सावलीत खांबाला टेकून उभी राहिली. गाडी बंद होती, चावी माझ्या मुठीत. बाबा घालायचे तसं हळू, विनवणीच्या सुरात घालायचं मी ठरवलं होतं. पण आईच्या हातावरचं बँडेज दिसलं आणि माझा आवाज चढला.

"बा म्हाराजा, तू कोण आसस ता माका म्हायत नाय आणि म्हायत करून घेवचाही नाय. माझी आवस आजारी आसा. तिका ऊन सोसणा नाय, तरी तू काच खाली करतस."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"तर आयक. ही डावी बाजू तुझी. थंय फिल्म नाय, थंय कोण बसतला नाय. माझी आवस उजवीकडे बसतली. तिच्या काचेक तू हात लावूचो नाय."

"व्हय म्हाराजा."

"आणि परत तिच्या आंगार एक जरी फोड इलो, तर ही गाडी मी भंगारात घालतलंय. मगे बस थंय उनात बोंबलत."

यावर आई काही बोलली नाही. गाऱ्हाण्यात कोणी धमकी देतं का, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मागची डावी काच खाली गेली. अगदी सावकाश, शेवटपर्यंत. या गाडीच्या काचा चावी फिरवल्याशिवाय हलत नाहीत, आणि चावी माझ्या मुठीत इतकी रुतली होती की तिचा वळ नंतर कितीतरी वेळ राहिला. काच तशीच थांबली. मग ती वर आली आणि घट्ट बंद झाली.

त्यानंतर आई हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

परेशभाईंनी डाव्या काचेवरची फिल्म काढली तेव्हा विचारलं, "बाकीच्या ठेवायच्या, ही एकच का काढता?"

"त्या बाजूला ऊन आवडतं."

"कोणाला?"

मी गाडी सुरू केली.

आई आता उजवीकडे बसते. उतरताना त्रास होतो, रस्त्याच्या बाजूने उतरावं लागतं, पण तिच्या काचेवर फुगा नाही की ओरखडा नाही. हातावरचे डाग फिके झालेत, ट्रीटमेंट पुन्हा सुरू आहे. सैल कनेक्शन, उष्णतेने प्रसरण, सगळं ऐकून झालंय. पण जे कोण आहे त्याच्याबद्दल माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

गेल्या आठवड्यात मावशी आली होती. तिला स्टेशनला सोडायला निघालो, तर तिने मागचं डावं दार उघडलं. आई काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मावशी, पुढे बस. तिथे जागा नाही."

मावशीने रिकाम्या सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे येऊन बसली.