पहिले वीस मीटर

क्लच कसा सोडायचा हे तुम्हाला कोणी शिकवलं, आठवतंय? नाव राहू द्या, चेहरा तरी? नाही ना. लायसन्स एकदा खिशात पडलं की शिकवणारा गेला खड्ड्यात. अशा हजारभर विसरभोळ्यांना रस्त्यावर सोडणाऱ्या एका बाईची ही हकीकत आहे. तिनं तुमचं सगळं मुकाट ऐकून घेतलं, आता तुम्ही तिचं पाच मिनिटं ऐका.

तिला सगळे हळूबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, तोंडावर ‘मॅडम’. एकोणीस वर्षं ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसते. तिच्या पायाखालीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो आणि तोंडात एकच पालुपद: “हळू... हळू सोडा... अजून हळू.” शिकणाऱ्याचा पाय थरथरतो, गाडी खोकते, मागचे हॉर्न मारतात. मग ही मान वळवून असे डोळे वटारते की हॉर्नवाल्याला आपली आई आठवावी.

दोन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली शिकलेली एक नर्स तिला रविवारी शर्यत बघायला घेऊन गेली. शहराबाहेर बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि चारशे मीटर सरळ. ना वळण, ना सिग्नल. पंधरा-सोळा सेकंदांत खेळ खलास. तिथे हळू म्हणणारं कोणीच नव्हतं. बाई घरी आली ती काहीतरी चावल्यासारखी. पुढच्याच महिन्यात तिनं स्कूलची मोडीत निघालेली जुनी गाडी मालकाकडून स्वतःच्या नावावर करून घेतली. हिच्याच शेजारी बसून हजार जणांनी गिअर खरवडलेली ती गाडी!

साध्या गाड्यांच्या गटाचा नियम सोपा होता. चारशे मीटर अठरा सेकंदांच्या आत. हंगामात तीन संधी. तिन्ही हुकल्या तर नाव कायमचं कट. पहिल्या खेपेला बाईला अठरा पूर्णांक सहा लागले. दुसऱ्या खेपेला अठरा पूर्णांक पाच. आयोजक माईकवरून म्हणाला, “हळूबाई, या या, चहा निवतोय!” सगळे हसले. त्या माईकचं मी काय केलं असतं ते इथे छापता येणार नाही. बाई मात्र वेळेची पावती घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून निघून आली. तिसरी संधी सहा आठवड्यांवर होती.

घरात एक पाकीट होतं, वॉशिंग मशीनसाठी साठवलेलं. रंगकाम करणारा नवरा म्हणाला, “घे. मी कपडे हातानं धुतो. नाहीतरी माझेच जास्त मळतात.” पाकीट पातळ होतं. त्यात एकच काहीतरी येणार होतं. कुठलं? इथून बाईच्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

पहिला सल्ला घरातूनच आला. धाकटा दीर मोबाइलवर दिवसरात्र गाड्यांचे व्हिडिओ बघतो.

“वहिनी, डोळे मिटून टर्बो बसवा. भंगारातून उचलू. गाडी नाही, गोळी होईल गोळी.”

“भाऊजी, तुम्ही कधी बसवलाय?”

“बसवला नाही, पण बघितलाय. दोनशे वेळा.”

मग ती सामानाच्या दुकानात गेली. नवरा सोबत होता. दुकानदार बोलला तो नवऱ्याशी. “साहेब, मोठा सायलेन्सर टाका. गाडीला मोकळा श्वास मिळाला पाहिजे.” नवरा म्हणाला, “गाडी हिची आहे.” दुकानदार हसला आणि पुन्हा नवऱ्यालाच म्हणाला, “मॅडमना आवाज आवडेल बघा.” आवाज! पैसे बाईचे, गाडी बाईची, चालवणार बाई, आणि हा महाभाग तिला खुळखुळा विकत होता. शेवटी त्यानं आणखी एक पिल्लू सोडलं: इंजिनातल्या कॉम्प्युटरची सेटिंग बदला, बारा घोड्यांची ताकद वाढते. किंमत विचारली तर ती बरोबर पाकिटाएवढीच निघाली. पाकिटाचा वास येतो की काय या लोकांना!

स्कूलच्या गाड्या दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री टर्बोचं नाव ऐकताच कपाळाला हात लावून बसला. “ताई, या इंजिनाला टर्बो म्हणजे माझ्या तोंडात उसाची कांडी. आहेत ते दातही जातील. आधी पिस्टन, मग क्लच, मग तुम्ही.”

“मग काय करू?”

“काही करू नका.”

“अठरा पाच लागतात हो!”

“मग टायर बदला. तुमची टायरं दगड झालीत.”

“पण टायर बदलून ताकद कशी वाढेल?”

“वाढत नाही.”

आता बोला. एक म्हणतो वाढवा, एक म्हणतो श्वास द्या, एक म्हणतो काही करू नका आणि टायर बदला. बाईनं सगळं एका वहीत लिहून काढलं. वही जितकी भरत गेली तितकी ती रिकामी होत गेली. त्या आठवड्यात तिनं एकाला “उजवीकडे घ्या” म्हणत डावीकडे हात दाखवला. त्यानं हाताचं ऐकलं आणि गाडी थेट पेट्रोलपंपात. घरी ती नवऱ्याला म्हणाली, “मला ना, प्रत्येकाचं पटतंय. हेच वाईट आहे.”

तेव्हा तिच्याकडे एक निवृत्त शिंपी शिकायला यायचा. वय चौसष्ट. पन्नास वर्षं एकाच पायानं मशीन चालवलं, आता तीन पेडल बघून घाबरायचा. ज्या गाडीवर तो शिकायचा ती नेमकी त्या दिवशी बिघडली, म्हणून बाईनं आपली जुनीच काढली. चष्म्याचं घर ठेवायला या शिंपीमास्तरांनी कप्पा उघडला तर पावती हातात आली.

“बाई, हे कोणाचं माप?”

“माझ्या गाडीचं. ठेवा ते, तुम्हाला नाही कळायचं. मलाच कळत नाही.”

“माप म्हणजे माप, त्यात काय कळायचंय?” त्यांनी चष्मा चढवला. “पहिल्या वीस मीटरला तीन पूर्णांक दोन. शेवटी अठरा पाच. आणि हे शेजारचं?”

“शेजारच्या पट्ट्यात होता त्याचं. माझ्यासारखीच गाडी. तो पास झाला.”

“त्याचे वीस मीटरला दोन पूर्णांक सहा. शेवटी सतरा नऊ.” मास्तरांनी हवेत बोटांनी काहीतरी बेतलं. “शेवटी तुम्ही सहानं मागे. सुरुवातीलाही सहानंच मागे. म्हणजे मधल्या सगळ्या वाटेवर तुम्ही दोघं सारखेच पळालात. बाई, सदरा बरोबर बसलाय, फक्त गळा सैल आहे. आणि तुम्ही अख्खा नवा सदरा शिवायला निघालात होय?”

बाई बघतच राहिली. तीन आठवडे ती पावती कप्प्यात होती. तिनं फक्त शेवटचा आकडा वाचला होता, कारण हसले होते ते त्याच आकड्याला.

“मग गळ्याला कुठला पार्ट लागतो?” तिनं विचारलं.

मास्तरांनी तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं. “मला जसं शिकवता, तसंच तिथे सोडता का?”

एकोणीस वर्षं तिनं स्वतःला एकदाही गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. हिरवा दिवा लागला की तिच्या मनात तिचाच आवाज म्हणायचा, हळू... अजून हळू.

दुसऱ्या दिवसापासून स्कूलच्या मैदानावर भर दुपारी उलटी शाळा भरली. चालवायला बाई, शेजारी मास्तर, दाराची मूठ घट्ट धरून.

“सोडा!”

पाय गोगलगाईसारखा वर आला.

“अहो सोडा म्हणजे सोडा! काय लेक सासरी पाठवताय?”

चार वेळा गाडी बंद पडली. हजार जणांना शिकवलेली बाई नवशिक्यासारखी घामाघूम. पाचव्यांदा पाय खरंच सुटला तर पुढची चाकं जागच्या जागी किंचाळत फिरली, धूर निघाला आणि गाडी हललीच नाही. मिस्त्री कुंपणापलीकडून ओरडला, “दगड आहेत म्हटलं ना!”

तेव्हा कुठे तिला टायरांचं कोडं थोडंसं उमगलं. मऊ रबर घेतलं आणि पाय तसाच ठेवला तर पैसे पाण्यात. पाय सुधारला आणि रबर तसंच ठेवलं तर नुसता धूर. तिनं पुढची दोनच टायरं घेतली. अर्धं पाकीट शिल्लक राहिलं. दुकानदार सवयीनं तिच्या मागे बघत म्हणाला, “साहेब, एवढ्यावरच?” बाई म्हणाली, “साहेब घरी कपडे धुतायत.”

तिसऱ्या संधीच्या सकाळी धावपट्टीवर पोचल्यावर तिला कळलं की गाडीत मागचं सीट नाही. स्टेपनी नाही, जॅकही नाही. दिरानं न विचारता सगळं काढून अंगणात ठेवलं होतं. “वजन कमी केलं, वहिनी! फुकटात!” ती चिडायलाही विसरली. पाय आठवत होती ती.

दिवा हिरवा झाला. आतला आवाज “ह” म्हणेपर्यंत पाय सुटला होता. टायर एकदा चिरकलं, मग जमिनीला चिकटलं. पुढचं तिला फारसं आठवत नाही.

सतरा पूर्णांक नऊ.

माईकवाल्यानं माईक खाली ठेवला. नर्स उड्या मारतेय. मिस्त्री म्हणाला, “टायर.” दीर म्हणाला, “सीट काढलं म्हणून! नुसत्या टायरानं काय होतंय?” मास्तरांनी पावती आधी वरून वाचली. वीस मीटरला दोन पूर्णांक सात. “गळा आवळला,” म्हणाले. नवरा म्हणाला, “मी काय केलं ते कोणी विचारत नाही. साबणानं हात सोलले माझे.”

बाई पावती हातात घेऊन उभी. नाव वाचलं होतं. पण कशानं वाचलं? टायरानं, पायानं की नसलेल्या सीटनं? तिघं तीन दिशांना ओढतायत आणि तिला पुन्हा प्रत्येकाचंच पटतंय. त्यात फाटकावर कागद चिकटवलेला होता: पुढच्या हंगामापासून मर्यादा साडेसतरा. आणि घरी अर्धं पाकीट.

सोमवारी नव्या शिकाऊ मुलीला ती सवयीनं “हळू” म्हणायला गेली आणि तोंडातून निघालं “सोडा!” गाडी टुणकन उडून बंद पडली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता माझं हे शिकवणं बरोबर होतं की चूक, असं काहीतरी बाईच्या मनात आलं. आपण कोणाला विचारावं, हेही तिला कळेना.

तेव्हा तुम्हीच या. अर्धा सेकंद कुठून काढायचा हे तुम्हाला ठाऊक असेल तर तिला जरूर सांगा. पण एवढं करा: आधी तिच्याकडून पावती मागून घ्या, वरपासून खालपर्यंत वाचा, तिच्या शेजारी पट्टा बांधून बसा. आणि मगच तोंड उघडा.