माईंनी कान लावलेला माठ

जळगाव जामोदच्या कचेरीतले आम्ही जुने लोक भेटलो, की वामनबुवांच्या मळ्याचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा सांगितला, की दुसऱ्याला दोन आठवतात. पूर्वी हसून हसून पुरेवाट व्हायची. आता शेवटी सगळेच गप्प होतात, तरी सांगायचं कुणी सोडत नाही!

वामनबुवा वैद्य. मळ्यात द्राक्षांचा मांडव आणि औषध म्हणून घरचंच द्राक्षासव. द्राक्षांत गूळ आणि आंबण्यासाठी सातपुड्यातली धायटीची फुलं घालायची, तोंड लिंपून माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा. रविवारी आम्ही बैलांची दमणी जुंपून जायचो, शाळेतले मास्तरही बरोबर असायचे. बुवा तळहातावर एकेक पळी चव द्यायचे, बस्स! एकदा नागपूरहून आलेल्या साहेबानं पेला पुढे केला.

"साहेब, आजार कोणता?"

"आजार नाही."

"मंग पेला काऊन?"

*

आमचे हेडक्लार्क दर रविवारी नवं दुखणं घेऊन यायचे. कधी पोट, कधी गुडघा. बुवांनी शेवटी नाडी धरली, डोळे मिटले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "तुमाले काही झालं नाही. हा रविवारचा ताप हाये. सोमवारी कचेरीत उतरते!"

तोंडावर खरं सांगायचं, हा बुवांचा खाक्याच होता. रोग्यालाही, नातेवाइकांनाही.

*

माठ कधी उघडायचा, हे मात्र बुवांच्या पत्नी ठरवायच्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. त्या माठाला कान लावायच्या. आत आंबण्याची खदखद ऐकू आली तर हात लावायचा नाही. आवाज पुरता थांबला, की आसव तयार. एकदा बुवांनी घाई केली.

"त्याचं बोलणं संपू द्या अंदर," माई म्हणाल्या. "माणसाचंबी तुमी कधी पुरतं आयकत नाही!"

बुवांनी मुकाट्यानं हात मागे घेतला.

*

त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तू क्षयानं खंगला. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. मग बुवांनी त्याच्यासाठी खास माठ घातला, आणि त्याची द्राक्षं दत्तूनं बाजेवर बसून स्वतः कुस्करली. आम्ही गेलो तर म्हणाला, "याच्यावर डोळा ठेवू नका, मास्तर! हा माह्या एकट्याचा हाये."

आम्ही खूप हसलो. परत येताना दमणीत मास्तर उपरण्यात तोंड खुपसून रडले.

दत्तू रोज विचारायचा, "माय, थांबला का आवाज?"

"नाही रे राजा. बोलून राह्यला अजून."

आवाज थांबायच्या आधीच दत्तू गेला.

*

त्यानंतर कित्येक महिने आमचे पाय तिकडे वळले नाहीत. गेलो तेव्हा बाकीचे माठ रिकामे होऊन पालथे पडले होते. दत्तूचा तेवढा तसाच लिंपलेला, आणि शेजारी माई. इतके दिवस कुठलंही आसव बोलत नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं.

मास्तर चाचरत म्हणाले, "माई, आता उघडायचा का?"

माईंनी कान लावला. "नाही. बोलून राह्यला अजून."

मी न राहवून खाली वाकलो आणि कान टेकवला. आत कसलाच आवाज नव्हता. मी बुवांकडे पाहिलं.

बुवा जवळ आले, गुडघे टेकून बसले. माठाला कान लावून बराच वेळ तसेच राहिले. मग माईंकडे पाहून म्हणाले, "हाव. चालूच हाये."