मंडळी उभी राहिली तेव्हा

तिसगावच्या एसटी स्टँडवर पप्पांनी माझी पेटी दोन सीटच्या मध्ये ठेवली. कंडक्टर कुरकुरला, येणार्‍या-जाणार्‍यांच्या पायात येईल म्हणाला. पप्पा गवंडी आहेत. त्यांनी पेटी एकदा उभी, एकदा आडवी करून पाहिली आणि शेवटी विटेसारखी अशी बसवली की नगरपर्यंत ती तसूभरही हलली नाही. बस सुटेपर्यंत आम्ही दोघे फक्त त्या पेटीबद्दल बोललो. कुलूप नीट आहे ना, किल्ली कुठे ठेवलीस. मग ते खाली उतरले, खिडकीच्या काचेवर बोट वाजवून म्हणाले, "पोचली की फोन कर." मी मान हलवली. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या अकरा दिवस आधी आमच्या चर्चमध्ये पप्पांना क्षमा करायला सगळी मंडळी उभी राहिली होती. मी एकटी बसून होते.

हे गावाकडे जे वाचतील, त्यांतले बरेच जण त्या रविवारी तिथे होते. पण माझ्यासारखे शिकायला, कामाला बाहेर पडलेलेही वाचतील, म्हणून पहिल्यापासून सांगते. मला सगळं नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही.

माझा मोठा भाऊ दानियेल श्रीगोंद्याकडे शुगर फॅक्टरीत फिटर आहे. त्याने मंडळीबाहेरच्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. पप्पा मंडळीचे पंच. त्यांनीच बैठकीत सांगितलं की नियम माझ्या मुलालाही तोच. दादाला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, बंद झालं, आणि आमच्या घरात त्याचं नाव घेणंही.

दीड वर्षाने आईच्या किडन्या गेल्या. नगरच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी दिवस मोजूनच सांगितले होते. ती सारखी विचारायची, "दानू निघाला का?" पप्पा म्हणायचे, "कळवलंय. निघंल." दुसर्‍या दिवशी तेच. तिसर्‍या दिवशी आईने स्वतःच त्याच्या वतीने उत्तर दिलं. म्हणाली, "फॅक्टरी चालू हाय ना, सुट्टी देत नसतील."

पप्पांनी कळवलं नव्हतं.

आई गेली. दादाला कुठून तरी समजलं आणि तो मोटरसायकलवर आला तेव्हा माती देऊन झाली होती. तो ओरडला नाही. पप्पांसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "तीन तासांचा रस्ता हाय, पप्पा." आणि पाणीही न घेता निघून गेला.

पुढचे आठ महिने पप्पांनी प्रभुभोजन घेतलं नाही. पंचपद सोडलं. मी बारावीचा अभ्यास करायचे, ते भाकरी थापायचे, कारण मला त्यांच्यासारखी गोल जमत नसे. आमचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं. मग एके दिवशी ते कुणाला न सांगता श्रीगोंद्याला गेले. दादा ड्युटीवर होता. वहिनीने आत बोलावलं तरी गेले नाहीत, दादा येईपर्यंत दारातल्या पायरीवर बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, मला मंडळीपुढे बोलायचंय.

पप्पा पुढे उभे राहिले ते बांधकामावरचे हात पाठीमागे घेऊन. फार कमी बोलले. त्यातलं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुण्यात आल्यापासून ते रोज माझ्या कानात चालू असतं. "माझी बायकू मरताना पोराला इचारीत हुती. मी खोटं बोललो तिच्याशी. मी त्याला कळवलंच न्हाई. घरात दुसर्‍या कुनाला ह्यातलं म्हाईत नव्हतं. माझ्या पोरीलाबी मी खोटंच सांगितलं. पोरानं मला घरात घेतलं, जेवू घातलं. आता तुमी काय ते ठरवा."

पाळकसाहेब म्हणाले की देवाने ख्रिस्तात आपल्याला जशी क्षमा केली तशी या भावाला करायला ज्यांची तयारी आहे त्यांनी उभं राहावं. सतरंजीवरून आवाज करत सगळे उठले. म्हातार्‍या बाया एकमेकींच्या खांद्याला धरून उठल्या. सुशीलामावशी, आमच्या शेजारी राहतात त्या, माझं कोपर ओढत राहिल्या, "ऊठ गं, बाप हाय तुझा." मी मांडी सोडली नाही. चारी बाजूंनी लुगड्यांच्या, साड्यांच्या निर्‍या होत्या आणि त्यांच्या फटीतून पप्पा दिसत होते. त्यांनी मला पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान खाली घातली, हळू, हो म्हटल्यासारखी.

गावात चर्चा झाली. शिकायच्या आधीच हिला शिंगं फुटली, असं कुणीतरी म्हणालं. मीही स्वतःला सांगत राहिले की आईसाठी मी बसले. कुणीतरी आईच्या बाजूचं असायला नको का?

पुण्यात मी पहिल्या वर्षाला आहे. होस्टेल, मेस, असाइनमेंट, प्रेझेंटेशन. गावात मी 'पंचांची रूथ' होते, इथे हजेरीपटावरची शहाऐंशी नंबर आहे. ते मला आवडतं, असं मी पहिले दोन महिने मानत होते. कॅम्पातल्या एका मोठ्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जाते. आमच्याकडे प्रभुभोजनाचा ट्रे आपल्यापर्यंत येतो. इथे उठून पुढे जायचं असतं. पण एवढ्या गर्दीत कुणी न उठल्याचं कुणाला कळत नाही. मी बाकावरच असायचे.

इथल्या उपासनेत पापकबुलीच्या वेळी थोडा वेळ सगळे गप्प राहतात. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्या शांततेत मला पप्पांचा आवाज आला, जवळून, सिमेंटची धूळ बसलेल्या घशाचा. घरात दुसर्‍या कुनाला म्हाईत नव्हतं.

ते खोटं होतं.

मला माहीत होतं. आई दादाला विचारत होती त्यातल्या तिसर्‍या दिवशी मी पप्पांना नळापाशी गाठलं होतं. तुम्ही दादाला फोन केलेला नाही ना, मी करू का, असं विचारलं होतं. ते म्हणाले, "तू मधी पडू नको." माझ्या हातात मोबाईल होता. त्यात दादाचा नंबर होता. आई अजून दीड दिवस जिवंत होती. मी हंडा भरला आणि आत गेले.

म्हणजे ज्या दिवशी पप्पा मंडळीपुढे आपलं खोटं कबूल करत होते, त्याच कबुलीत ते आणखी एक खोटं बोलले, माझ्यासाठी. सबंध चर्चमध्ये ते फक्त मला कळत होतं. मी रागाने बसले नव्हते. मला उठताच येत नव्हतं. उठले असते तर ते खोटं माझंही झालं असतं, आणि खरं बोलण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. पप्पा ओट्यावर कांदा कापत बसले होते. मी उभ्यानेच म्हणाले, "पप्पा, तुम्ही मंडळीत खोटं बोललात. मला माहीत होतं सगळं."

ते कापत राहिले. मग म्हणाले, "व्हय."

मी विचारलं, देवासमोर उभं राहून कसं काय बोलवलं?

"देवाला म्हाईत हुतंच की. त्याच्याशी माझं बोलनं झालंय," ते म्हणाले. "गावाला कशाला पायजे? तुला मधी पडू नको मीच म्हनलो. बापाचं ऐकलंस, ते माझ्याच अंगावर यायला पायजे."

"पण मी उभी राहिले नाही."

"बाकीचे उठले, त्यांचं काय जात हुतं? आई तुझी गेली. तुला येळ लागनार." मग चाकूने कांद्याची साल बाजूला सारत म्हणाले, "मी थांबलो असतो. म्हातारा व्हस्तोर."

मला रडू आलं, आणि कांद्यामुळे त्यांचं काही कळेना. त्या दिवशी मी त्यांच्या हातचा चाकू घेतला आणि उरलेले कांदे चिरले. क्षमा वगैरे शब्द आम्ही दोघांनी वापरले नाहीत.

सुट्टी संपताना मी श्रीगोंद्याला गेले. दादाला सगळं सांगितलं. नळ, नंबर, दीड दिवस. वहिनीचा चहा ओटीवर निवत होता. दादा उठून बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "पप्पांनी तर वेगळंच सांगितलं मला." मग स्टँडवर सोडायला आला. बस लागेपर्यंत थांबला. पुन्हा ये, असं म्हणाला नाही.

त्याला सात आठवडे झाले. त्याचा फोन नाही. माझे दोन त्याने उचलले नाहीत. मंडळीतल्या लोकांनो, त्या रविवारी मी का बसले होते ते आता तुम्हालाही कळलं. हे लिहू का, असं पप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुझं हाय ते. लिही."

पूर्वी घर म्हटलं की मला आमची गल्ली दिसायची, पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पप्पांनी स्वतः घातलेली फरशी. आता दोन दारं दिसतात. एकात मी कधीही जाऊ शकते, कारण आतल्या माणसाने माझं ओझं आपल्या नावावर घेऊन मला आधीच आत घेतलंय. दुसरं बंद आहे, आणि ते बंद असणं बरोबर आहे. दोन्ही दारांमागे मला काय झालंय ते माहीत असलेली माणसं राहतात. पुण्यात असं एकही दार नाही.

नाताळच्या सुट्टीत मी तिसगावची बस धरणार नाही, आधी श्रीगोंद्याला उतरणार आहे. फोनवर पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, मीबी येतो.

मी म्हणाले, "आणि त्याने आत घेतलंच नाही तर?"

ते म्हणाले, "मग बसू दोघं भाईर. मला सवय हाय."