खोक्याचं दुपदरी अस्तर

सकाळचा चहा गाळून होतो न होतो तोच दार वाजलं. कव्हरबाईंनी उघडलं, तर छापखान्याचे मॅनेजर. आत यायचं नाव नाही, उंबऱ्यातूनच म्हणाले, "सूनबाईंना सांगा, पुस्तकाची पानं दुपारपर्यंत हवीत. नाहीतर हे काम दुसरीकडे जाईल, आणि पुढचंही. माझा नाइलाज आहे."

सून घरी बसून पुस्तकांची पानं लावायची. त्यासाठी तिने सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला होता, पावाच्या डब्याएवढा. गेले काही दिवस त्याने नखरे मांडले होते. चालू केला की तापायचा आणि मध्येच डोळे मिटायचा.

कव्हरबाई म्हणजे तिच्या सासूबाई. हे नाव त्यांच्या यजमानांनी पाडलेलं. फ्रिजला कव्हर, मिक्सरला झालरीचं कव्हर, रिमोटलासुद्धा अंगडं. "मी जरा जास्त वेळ झोपलो तर मलाही शिवून टाकशील," असं ते म्हणायचे. ते गेले, नाव राहिलं.

सुनेने खोकं आडवं करून बाजूचं झाकण काढलं. सासूबाईंनी टॉर्च धरला. सुनेने पंखा पुसला, चिपची उष्णता ओढून घेणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, झाकण बसवलं. पाच पानं झाली नाहीत तोच पडदा काळा.

"सगळं धड आहे, आई," सून थकून म्हणाली. "पंखाही फिरतोय. खालून गार हवा ओढायची, वरून गरम सोडायची, एवढंच तर काम त्याचं." आणि तिने मॅनेजरांना नाही म्हणायला फोन उचलला.

"खालून ओढतो?"

"हो, तळाला जाळी आहे ना."

कव्हरबाईंनी हातातला टॉर्च खाली ठेवला. त्यांना वाटलं होतं, तळाची भोकं म्हणजे नुसती धुळीची वाट.

"फोन ठेव. ते परत आडवं कर," त्या म्हणाल्या आणि कात्री घेऊन आल्या. काळ्या तळाला काळं कापड, कडा अशा दुमडलेल्या की खोक्याबरोबरच आलंय असं वाटावं.

"हे काय?"

"अस्तर. तू धुळीच्या नावाने बोटं मोडत होतीस, म्हणून चिकटवलं. दुपदरी आहे."

"दुपदरी?"

"एकपदरी कापड मला उघडंच वाटतं."

सून हसत सुटली. "मी याच्या नाड्या तपासतेय आणि तुम्ही याचं नाक बांधून बसलात."

अस्तर निघालं आणि खोकं निवलं. दुपारच्या आत पानं गेली. 'मिळाली. पुढचं पुस्तक सोमवारी पाठवतो,' असा मॅनेजरांचा निरोप आला.

संध्याकाळी कव्हरबाईंनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काढला. त्यावर फुंकर मारली, पलीकडे तळहाताला वारा लागला, तेव्हाच कात्री चालवली. एकच पदर. काढून धुता यावा म्हणून कडेला फ्रिजवरची चुंबकं शिवली. सुनेने तो तळाला लावून बराच वेळ खोकं चालवलं, तापमानाचे आकडे पाहिले आणि मान डोलावली.

कव्हरबाईंनी सुई डबीत ठेवली.

"पुढच्या वेळी हे उघडशील ना, तेव्हा टॉर्च तू धर," त्या म्हणाल्या. "मला आतलं एकदा नीट बघायचंय."