कोरी गोळी

सर कोरडी काच मानतच नसत. पुसून पुढे केलेला ग्लासही उजेडात धरत आणि म्हणत, "बाई, दिसत नाही एवढंच. पाणी बसलेलं आहे." सत्तरच्या दशकात ते नाशिकच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांची संशोधन सहायक होते. तुमचा बाबा तेव्हा दोन वर्षांचा होता.

सरांचा विषय सिलिका, म्हणजे वाळूचीच जात, आणि तिच्या पृष्ठभागाला धरून राहणारं पाणी. तापवलेली सिलिका पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलायची आणि दाबून काचेसारखी पातळ गोळी करायची. तिच्यातून अवरक्त किरण सोडले की रेणू आपापल्या लयीत थरथरतात आणि यंत्राची लेखणी कागदावर रेघ काढते. पाणी असलं की रेघेला रुंद खड्डा पडतो. यंत्र पुण्याला होतं. एसटीत मी नमुन्यांचा डबा मांडीवर घेऊन बसे.

पण ब्रोमाइड स्वतःही हवेतली ओल पितं, पावसाळ्यात तर फारच. म्हणून प्रत्येक खेपेला नुसत्या ब्रोमाइडची गोळीही तपासायची, म्हणजे त्याचं पाणी किती आणि सिलिकाचं किती, हे कळतं. सर तिला 'कोरी गोळी' म्हणत. निघताना बजावत, "बाई, जेवण राहिलं तर राहू दे. कोरी गोळी राहता कामा नये."

एका ऑगस्टात ती राहिली. घरी तुमच्या बाबाला ताप होता, दुपारची परतीची एसटी गाठायची होती. परत आल्यावर मी फाइलमधून मे महिन्यातल्या कोऱ्या गोळीचा आलेख काढला आणि त्याच्यावर ऑगस्टची तारीख घातली.

"झाली?" सरांनी विचारलं.

"झाली, सर."

इतकी तापवूनही ही सिलिका पाणी सोडत नाही, असा शोधनिबंध सरांनी त्या आलेखांवरून लिहिला. तो छापून आला. पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळायला त्यांना तेवढाच हवा होता. हिवाळ्यात ते खात्री करायला स्वतः पुण्याला गेले. या वेळी खड्डा जवळजवळ नव्हताच.

स्टाफरूममध्ये एकाने डिवचलं, "काय सर, पाणी उडालं म्हणे?"

"पाणी होतं हो," सर म्हणाले, "पण माझ्या सिलिकात नव्हतं."

निबंध मागे घेण्याचं इंग्रजी पत्र त्यांनी मला टाइप करायला दिलं. शेवटचं वाक्य होतं, चूक सर्वस्वी माझी आहे. मी ते नीट, एकही खाडाखोड न करता टाइप केलं. मान्यता त्यांना कधीच मिळाली नाही.

निवृत्तीनंतर सर इंदिरानगरला राहत. आजारी आहेत असं कळलं, तेव्हा मी गेले. बोलायचं ठरवूनच गेले होते.

"सर, ती ऑगस्टची कोरी गोळी..."

"मेची होती," सर म्हणाले. "ऑगस्टात एवढी कोरडी गोळी कुणालाच जमत नाही. मलाही ती कोरडीच हवी होती, म्हणून मी तेव्हा पाहिलं नाही. पुण्याहून आल्यावर पाहिलं."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"पत्र टाइप करायला दिलं ना. शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. शेवटच्या वाक्याशी मशीन थांबेल असं वाटलं होतं."

मशीन थांबलं नव्हतं, बाळांनो.