पीठ न पाडणारी घंटी

पीठ न पाडणारी घरघंटी दाखवा, असं दुकानात जाऊन म्हणणारी बाई वेडी ठरते. मी तशी बडोद्यात वाडीपासून मांजलपूरपर्यंत ठिकठिकाणी ठरले. पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हटलं, आम्ही घंटी बघतोय, तर ती म्हणाली, दारावरच्या घंटीसाठी एवढी दुकानं कशाला पालथी घालायची? बडोद्यात घंटी वाजत नाही, दळते, हे तिला समजावण्यातच निम्मा फोन गेला.

त्या वर्षांत आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत घरोघरी घरघंटी येत होती. छोट्या कपाटासारखी दिसायची, वर सनमायका, आत मोटर आणि जाळ्या. बायका नव्या सुनेसारखी ती सगळ्यांना दाखवायच्या. लोट, म्हणजे पीठ, कसा रेशमासारखा पडतो, ते चिमटीत धरून सांगायच्या. मला मात्र लोट नको होता. मला दाणा फक्त फुटायला हवा होता, आणि का, ते सांगायची सोय नव्हती. आम्हाला घरी बिअर करायची होती आणि आम्ही गुजरातेत राहत होतो.

आम्हाला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो शहराबाहेरच्या एका केमिकल प्लँटमध्ये इंजिनियर होता. प्लँट नव्या मालकांकडे गेला, नव्या मालकांना जुनी माणसं नको झाली, आणि त्यांना घरी पाठवण्याच्या कागदाला स्वेच्छानिवृत्ती असं नाव होतं. स्वेच्छा नेमकी कुणाची, ते कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस हिंचक्यावर बसला. बसला म्हणजे बसलाच. झोकेसुद्धा घ्यायचा नाही. मी शाळेत शिकवायला जाताना जसा दिसायचा तसाच परतल्यावर दिसायचा. रस्त्यावर कुणी भेटलं की पहिला प्रश्न यायचा, "हवे शुं करो छो?" आता काय करता? त्या प्रश्नाच्या भीतीने त्याने बाहेर पडणंच सोडलं. मी समजावलं, चिडले, डॉक्टरांकडे चला म्हटलं. तो म्हणायचा, "मला काही झालेलं नाही." खरं तर तेच भीतीदायक होतं. काही झालं असतं तर औषध तरी देता आलं असतं.

मग परदेशात स्थायिक झालेला त्याचा एक कॉलेजातला मित्र येऊन गेला. जाताना त्याने यीस्टची पाकिटं ठेवली, गमतीत म्हणाला, "जर्मनी आठवतंय ना?" प्लँटच्या चांगल्या दिवसांत याला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं होतं. ज्यांच्याकडे हा राहायला होता ते म्हातारे घरमालक तळघरात बिअर करायचे, आणि दाणा फोडायच्या यंत्राचं हँडल याच्या हातात द्यायचे. मित्र गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी उठले तर हिंचका रिकामा. नवरा मोरीत उकिडवा बसून पातेल्यात सातू भिजत घालत होता.

सातू म्हणजे जव, बार्ली. ते भिजवायचे, पाणी बदलत राहायचं, मोड आणायचे, मोड आले की गच्चीवर वाळवायचे. मग ते फोडून गरम पाण्यात ठेवले की गोड पाणी उतरतं, त्याची पुढे बिअर होते. हे सगळं तो मला इतक्या हौसेने सांगत होता की मी दारूबंदीचा कायदा, सोसायटीतले शेजारी, माझी नोकरी, सगळं गिळून नुसतं ऐकत राहिले. अंघोळ करताना तो शीळ घालायला लागला होता. त्या शिळेसाठी मी हातभट्टीही लावू दिली असती.

अडचण एकच होती, आणि ती घरातच आरामखुर्चीवर बसून पेपर वाचत होती. माझे सासरे, अप्पा, दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी नदीकाठची मडकी फोडली होती. आयुष्यात कुणाच्या घरचं सरबतसुद्धा ते हुंगल्याशिवाय प्यायले नाहीत. गच्चीवर चादरीवर पसरलेले सातू बघून त्यांनी विचारलं, "हे काय काढलंय?"

"सातूचं पीठ करायचंय, अप्पा," मी म्हटलं. सुचलं ते बोलले.

अप्पांचा चेहरा उजळला. दूधगुळात कालवलेलं सातूचं पीठ म्हणजे त्यांचा जीव. "मग घरचीच घंटी घेऊ या की," ते म्हणाले. "बाहेरच्या घंटीवर ज्वारीबाजरी मिसळते. चव जाते." म्हणजे मी न मागता घंटीची परवानगी मिळाली, आणि घंटी बघायला बरोबर अप्पाही निघाले.

त्यानंतर जे झालं त्याला इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. नवऱ्याने मला शिकवून पाठवलं होतं: "साल अख्खी राहिली पाहिजे, आतला दाणा फुटला पाहिजे. पुढे साल हीच गाळणी. पीठ झालं की सगळी खळ होते आणि थेंब गळत नाही." तो स्वतः दुकानात यायला तयार नव्हता. मी विचारायची, "जाडसर निघेल का, अगदी भरड?" मागून अप्पा म्हणायचे, "झीणुं, भाई, एकदम झीणुं." दुकानदार आळीपाळीने आमच्याकडे बघायचा. एक म्हणाला, "बेन, पहेला घरमां नक्की करी लो." त्याचं म्हणणं रास्त होतं. पण घरात तरी काय नक्की करणार होतो?

कुणी दगडाची दाखवायचा, कुणी पात्यांची. दगडाची साल चिरडायची. पात्यांची दाण्याला इतकं झोडपायची की जाळीतून पडेपर्यंत त्याचा रवा व्हायचा. "कक्रुं पण दळाय, जाळी बदलो एटले थयुं," असं सगळेच छातीठोक सांगायचे. कक्रुं म्हणजे जाड पीठ, लाडवाचं. पण शेवटी तेही पीठच. शेवटी मांजलपूरच्या एका दुकानातून, सर्वांत मोठ्या भोकांच्या जाळीवर भरवसा ठेवून, आम्ही एक पात्यांची घंटी घरी आणली. अप्पांनी तिला कुंकू लावलं आणि मी मान खाली घालून उभी राहिले.

पहिल्याच मुठीला कळलं की ही काही कामाची नाही. नवऱ्याने पडलेलं पीठ तळहातावर चोळून बघितलं. पण गंमत म्हणजे तो खचला नाही. तो घंटीचं पोट उघडून आत डोकं घालून बसला. पाती कमी करता येतील, मोटरचा वेग उतरवता येईल, असं काहीबाही पुटपुटत होता. जेवायला तीनदा हाका मारल्या तेव्हा म्हणाला, "थांब गं, मी कामात आहे." हे वाक्य मी वर्षभर ऐकलं नव्हतं. ताटावर झाकण ठेवून मी स्वयंपाकघरात थोडं रडून घेतलं.

दोनेक दिवसांनी तो सुटे भाग बघायला बाहेर पडला. स्वतः, पायी, रस्त्यात कोण भेटेल याचा विचार न करता. मी शाळेतून परतले तर घंटी चालू होती. अप्पा तिच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. भुवयांवर, मिशांवर पीठ. वाळवलेला सगळा माल, पहिल्या खेपेचा आणि दुसऱ्या खेपेचाही, त्यांनी सर्वांत बारीक जाळी लावून दळून काढला होता. डबा काठोकाठ भरला होता.

"अप्पा, हे काय केलंत?"

"सातूचं पीठ," ते शांतपणे म्हणाले. मग घंटी बंद करून माझ्याकडे बघितलं. "मोड आणून कुणी सातूचं पीठ करतं का? सातू भाजतात, बाळ. मोड आले की त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. नोकरीला जाताना काय मी नाक घरी ठेवून जायचो?"

थाप मारायची तर निदान पदार्थ येणारा हवा. मी भाजण्याचा पदार्थ सांगितला आणि गच्चीवर मोड वाळत घातले. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. अप्पांनी पकडलंच होतं, फक्त मुलाला कसं थांबवायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"फेकून देणार होतो," ते म्हणाले. "पण अन्न आहे. हात होईना. म्हणून पीठ केलं. आता चिडेल, आदळआपट करेल. करू दे. या घरात हे होणार नाही, एवढं मात्र त्याला कळेल."

आम्ही दोघंही त्याच्या चिडण्याची वाट बघत बसलो. मी तर मनातून हात जोडून बसले होते, की याने ओरडावं. डबा भिरकावावा. बापाला चार शब्द सुनवावेत. एवढा संताप शिल्लक असेल तर माणूस अजून जागेवर आहे असं मला वाटत होतं.

तो आला. हातातली पिशवी खाली ठेवली. डबा बघितला, घंटीतली जाळी बघितली, अप्पांच्या मिशा बघितल्या. चिमूटभर पीठ घेऊन चोळलं. "छान बारीक झालंय," म्हणाला. आणि जाऊन हिंचक्यावर बसला.

अप्पांनी वाटीभर पीठ दूधगुळात कालवून त्याला नेऊन दिलं. त्याने ते खाल्लं, वाटी विसळून ठेवली. पुढे जे देऊ ते तो खात गेला. सुट्या भागांची पिशवी तशीच कोपऱ्यात पडून राहिली. मी म्हटलं, "अहो, मी सातू आणते, परत भिजवू." तो म्हणाला, "कशाला?" तरी मी आणले, भिजवले, पण शाळेच्या गडबडीत पाणी बदलायचं राहिलं आणि ते आंबून वास मारायला लागले. त्याने पातेलं झाडाखाली ओतलं आणि घासून पालथं घातलं. शीळ तर केव्हाच थांबली होती. माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अप्पाही पेपर वाचेनासे झाले. खुर्ची त्यांनी अशी वळवून घेतली होती की हिंचका दिसत राहील. एका सकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा समोर येऊन उभे राहिले. "ओरडला नाही गं तो," ते म्हणाले. "लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता तेव्हा दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी. आता बोलतो. काय म्हणाल त्याला हो म्हणतो." मग थोडं थांबून, "ते जाडं काढणारं यंत्र कुठं मिळेल?"

"अप्पा, तुम्ही?"

"चल," ते म्हणाले. "पायात चपला घाल."

ज्या माणसाने आयुष्यभर मडकी फोडली तो मुलासाठी बिअरचं यंत्र शोधायला निघाला होता. आम्ही रिक्षाने वाडीत गेलो आणि मग गल्ल्यांतून पायी. अप्पा थकत होते, पण थांबू म्हटलं की चिडायचे. एका अरुंद दुकानात गुरांचा दाणा भरडायची, शेवया पाडायची, चक्का बांधायची अशी सटरफटर अवजारं टांगलेली होती. मी पुन्हा माझं पुराण लावलं, पीठ नको, रवा नको, कक्रुं नको, दाणा फक्त फुटायला हवा.

"तो एम कहो ने के फाडा जोईए," दुकानदार म्हणाला.

फाडा म्हणजे फोडलेला दाणा, लापशीचा असतो तसा. शेजारणींच्या तोंडून तो शब्द मी जन्मभर ऐकला होता. घरी आम्ही लापशीचा रवा म्हणतो, म्हणून दुकानात रव्यापलीकडे माझी जीभ गेलीच नव्हती. त्याने माळ्यावरून हाताने फिरवायचं एक लहान लोखंडी यंत्र काढलं, स्टुलाला आवळलं आणि मूठभर जव टाकून हँडल फिरवलं. खाली जे पडलं ते मी तळहातावर चोळलं. साली अख्ख्या होत्या, आतून दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटलेला. अगदी जसं हवं होतं तसं. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण घरी नेल्यावर तो याच्याकडे बघेल तरी का, एवढीच धास्ती वाटली.

अप्पांनी दुकानदाराला बाजूला सारून हँडल स्वतः हातात घेतलं आणि सावकाश फिरवायला लागले.

"जवना फाडा नाना छोकराने बहु सारा," दुकानदार कौतुकाने म्हणाला. आजोबा आणि सून बघून त्याला वाटलं, घरात बाळ आहे, मुलासाठीच चाललंय हे. "दीकरा माटे ने?"

"हा," अप्पा म्हणाले. "दीकरा माटे."

"केटला महिनानो थयो?"

अप्पांचा हात थांबला. मला वाटलं, ते चिडतील किंवा हसण्यावारी नेतील.

"पचास वरसनो," ते म्हणाले. "बेसतो थयो छे. ऊभो नथी थतो."